ढिगाचा रंग वेगळा, बीजाणूचा रंग वेगळा

स्लाईम मोल्ड म्हणजे बुरशीसारखे दिसणारे, पण बुरशी नसलेले जीव. त्यांचे काळ्या बीजाणूंचे आणि उजळ बीजाणूंचे असे दोन मोठे गट आहेत, हे ते गोळा करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. फुलिगो, फायसॅरम, स्टेमोनायटिस या प्रजाती एकीकडे. ट्रिकिया, आर्किरिया, क्रिब्रारिया दुसरीकडे. पहिल्यांच्या बीजाणुभित्तीत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असतं, दुसऱ्यांच्या नसतं. फुलिगो सेप्टिकाचा बाहेरचा पिवळा रंग यात मोजायचा नाही. आतली बीजाणूंची भुकटी काळीच असते. इथवर फारसं कुणी चुकत नाही.

घोळ होतो तो भुकटीचा रंग बघून गट ठरवल्याने. ढिगाचा रंग म्हणजे असंख्य बीजाणूंवरून परतलेला उजेड, त्यात बीजाणूंमधल्या बारीक तंतूंचा रंगही मिसळलेला. गटासाठी बघायचा तो एकट्या बीजाणूतून आरपार आलेला उजेड. क्रिब्रारिया व्हायोलेसियाची भुकटी जांभळी, म्हणून तिला सर्रास काळ्यांत टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू नुसते फिकट जांभळट दिसतात, ती उजळच. उलट स्टेमोनायटिस ॲक्सिफेराची भुकटी विटकरी तपकिरी, पण ती काळ्यांतली. तिचे बीजाणू जेमतेम ५ ते ७ मायक्रॉनचे, त्यामुळे आरपार बघतानाही फिकट वाटतात. अशा वेळी एकट्या रंगावर विसंबू नका: मधल्या दांडीपासून फुटून जाळं विणणारे गडद तंतू दिसतात का, ते बघा.

नमुना पूर्ण पिकलेला घ्या. कच्चे बीजाणू काळ्या गटातही फिके असतात. सुईच्या टोकावर येईल एवढीच भुकटी काचपट्टीवर ठेवून ९५ टक्के अल्कोहोलचा थेंब सोडा. त्याने अडकलेली हवा निघते. नाहीतर बुडबुड्यांच्या काळ्या कडा मेलॅनिन म्हणून नोंदवल्या जातात! अल्कोहोल पुरतं वाळण्याआधी ३ टक्के पोटॅशचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब घाला, वर आच्छादन काच. ४०० पटीवर सुटा बीजाणू शोधा, मग तेलाच्या भिंगाखाली १००० पटीवर बघा. एकावर एक चढलेले बीजाणू बघून निर्णय नको. हॅलोजनचा दिवा मंद केला की उजेड पिवळा पडतो, म्हणून निळी गाळणी लावा.

आणि कॉटन ब्लू हा निळा रंग कृपा करून लांब ठेवा. बुरशीच्या प्रात्यक्षिकातली ती सवय इथे कामाची नाही. जो रंग बघायचा, त्यावरच निळं पोतेरं फिरतं.

राहिला एकिनोस्टेलियम, हाही एक स्लाईम मोल्डच. त्यात बीजाणू जवळजवळ रंगहीन असूनही डीएनएच्या वंशावळीत तो काळ्यांच्याच फांदीवर बसतो. तिथे भिंग कितीही चांगलं असलं, तरी रंगावरून फांदी कळत नाही.