साखरेचा अंगरखा

राखीपौर्णिमेला बीडकडच्या एखाद्या तांड्यावर जन्मलेलं लेकरू घट बसतात तेव्हा दीड महिन्याचं होतं. दिवाळीच्या आगेमागे कोयता, म्हणजे ऊसतोडीला निघालेलं कुटुंब, गाव सोडतो आणि मार्गशीर्ष लागता लागता ते लेकरू फडाशेजारच्या कोपीत, चुलीच्या धुरात चौदा आठवड्यांचं होतं. खोकला वाढला की आजी म्हणते, "पोट उडायलंय लेकराचं." तो पुष्कळदा न्यूमोनिया असतो.

बाळ जन्माला येतं ते आईच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, घेऊनच. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत वार (गर्भाला आईशी जोडणारा अवयव) त्या आईच्या रक्तातून वेचून बाळाकडं पोचवते. म्हणून दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला त्या कमी येतात. पण ही कणगी एकदाच भरते. दर तीन-चार आठवड्यांनी त्यातला निम्मा माल संपतो, नवी आवक शून्य. चिकातल्या आणि अंगावरच्या दुधातल्या अँटिबॉडी वेगळ्या. त्या मुख्यतः आतडं आणि घसा राखतात, रक्तात फारशा उतरत नाहीत.

मग बाळाचं शरीर स्वतःच्या अँटिबॉडी का करत नाही? करतं की. नाकात मुक्कामाला आलेल्या जंतूंच्या प्रथिनांविरुद्ध ते हळूहळू शिकत असतं. शेंबडं नाक ही एक प्रकारची शाळाच. अडतं ते न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूच्या अंगरख्यापाशी. हा अंगरखा साखरेच्या लांब साखळ्यांचा असतो (ऊसवाल्यांच्याच लेकरांना साखरेनं छळावं, काय म्हणावं!) आणि त्याचे शंभरच्या आसपास प्रकार आहेत. अँटिबॉडी बनवतात बी पेशी. त्यांना टी पेशी या मदतनीस पांढऱ्या पेशींची साथ लागते, पण टी पेशींना नुसती साखर ओळखता येत नाही. मोठ्यांच्या बी पेशी अशा साथीवाचूनही निभावतात, दोन वर्षांखालच्या बाळाच्या निभावत नाहीत.

यावरची युक्ती जुनी आहे. 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अ‍ॅव्हरी आणि गोबेल यांनी साखर प्रथिनाला जोडून दाखवली. बी पेशी साखर ओळखून तो जोड गिळते, आतलं प्रथिन टी पेशीला दाखवते आणि साथ मिळवते. पुण्यात बनणाऱ्या न्यूमोकोकल लशीत दहा प्रकारांच्या साखरा घटसर्पाच्या विषाच्या निरुपद्रवी रूपाला जोडलेल्या आहेत. देशाच्या सरकारी लसीकरणात न्यूमोकोकल लस 2017 मध्ये काही राज्यांपासून आली, 2021 मध्ये सगळीकडं पोचली.

डोस सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, मग नवव्या महिन्यात. पहिल्या दोनांत जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात, तिसऱ्यानं त्या जाग्या होऊन अँटिबॉडी कितीतरी पटींनी वाढतात. आपल्या लेकराचा पहिला डोस गावात होतो, तिसऱ्याला वैशाखात कोयता परतलेला असतो. चुकतो तो मधला, नेमका आईची कणगी तळाला जात असताना. तो फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, गावचं कार्ड तिथंही चालतं. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आधीच्या डोसाच्या स्मृतिपेशी तोवर वाट पाहत असतात.