१७ गफ स्क्वेअर: आगीनंतरच्या लंडनचं विटांचं घर

लंडनला फ्लीट स्ट्रीटच्या मागच्या बोळांमधे गफ स्क्वेअर आहे, तिथलं १७ नंबरचं घर म्हणजे जिथे राहून डॉ. सॅम्युएल जॉन्सनने इंग्रजी डिक्शनरी केली ते. लोक डिक्शनरीसाठीच जातात तिथे, पण मला विचाराल तर घरच जास्त भारी आहे.

ते असं का दिसतं हे कळायला १६६६ च्या आगीपासून सुरुवात करावी लागते. चार दिवसांत १३ हजारांवर घरं गेली, बरीचशी लाकडी, वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, त्यामुळे एक पेटलं की समोरचंही पेटायचं. मग १६६७ चा कायदा आला, बाहेरच्या भिंती वीट नाहीतर दगडाच्याच, शिवाय कुठल्या रस्त्यावर किती मजले आणि भिंत किती जाड तेही ठरवून दिलं. दगड लांबून आणायचा म्हणजे महाग, माती मात्र शहराभोवती भरपूर, म्हणून सामान्य घरांना वीटच आली.

१७०० च्या सुमारास रिचर्ड गफ नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने हा चौक बांधला, त्यातलं आता हेच एक घर उरलंय. पुढे १७०९ मधे आणखी एक नियम आला, खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत बसवायची, कारण पुन्हा आगच. त्यामुळे लंडनमधे जुनं घर बघताना आधी खिडकी बघायची, चौकट भिंतीला लागून सपाट असेल तर घर बहुधा त्या नियमाच्या आधीचं (नंतर कोणी बदलली नसेल तर!).

आतली गंमत पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याजवळच्या लाकडी पार्टिशनला बिजागऱ्या आहेत, ती फिरवली की दोन खोल्या आणि मधली जागा मिळून एक मोठा हॉल होतो. खाली मुख्य दाराला जाड साखळी आणि त्याच्या वरच्या झरोक्यात खिळ्यांचा लोखंडी दांडा, चोर पोराला तिथून आत सोडतील म्हणून.

जॉन्सन इथे १७४८ ते १७५९ राहिला, माळ्यावर त्याचे सहा मदतनीस लिहीत बसायचे. नंतर घराची पार रया गेली. १९११ ला सेसिल हार्म्सवर्थ नावाच्या खासदाराने विकत घेऊन दुरुस्त केलं आणि १९१४ ला लोकांना खुलं केलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले तेव्हा माळ्याचं छप्पर जळलं, विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि त्या काळात अग्निशमन दलाची माणसं विश्रांतीला याच घरात यायची.