गोंगाटात माकड काय विसरतं?

"घरी सगळं येत होतं, पेपर हातात पडला आणि डोकं कोरं!" दहावी-बारावीच्या हंगामातली ही तक्रार. त्यावर कुणी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतं, कुणी ‘कॉर्टिसॉल’ (ताणात वाढणारं संप्रेरक) ‘उतरवणारी’ पावडर विकतं. दोघांत फरक काय तो किमतीचा.

डोकं कोरं होताना काय घडतं, हे येल विद्यापीठात एमी आर्न्स्टन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी माकडांवर तपासलं. निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. माकडाच्या देखत एका जागी खाऊ लपवायचा, मध्ये पडदा टाकायचा, काही सेकंदांनी तो शोधायला द्यायचा. जागा बदलत राहते, त्यामुळे दर वेळी नव्याने लक्षात ठेवावं लागतं. आता मोठा गोंगाट सुरू करा. शॉक नाही, उपासमार नाही, नुसता आवाज. माकडं चुकू लागली. मात्र आधी पक्की शिकलेली खूण ओळखून खाऊ उचलण्याचं काम त्याच गोंगाटात नीट झालं. म्हणजे भूक, हात, डोळे शाबूत होते. बिघडली ती क्षणापुरती धरून ठेवायची आठवण.

ही आठवण कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये असते. खाऊ नजरेआड असताना तिथल्या पेशी एकमेकींना संदेश पाठवत जाग्या राहतात. त्यांच्यावर नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन शिंपडलं जातं, आणि सगळी गंमत त्याच्या प्रमाणात आहे. जागेपणी, जरा उत्सुक असताना ते बेताचं असतं. तेव्हा ते अल्फा-२ए या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या खाचेला चिकटतं, कारण त्याची ओढ जास्त. त्यामुळे पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन घटतं, पेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या बारीक काट्यांची आयन-छिद्रं (विद्युतभारित कण जाण्याची दारं) मिटतात आणि आलेला संदेश गळून जात नाही. ताणात रसायनाचा पूर येतो. मग कमी ओढीचे अल्फा-१ रिसेप्टरही जागे होतात. डोपामिन हे मेंदूतलं दुसरं रसायनही वाढतं, ते डी-१ रिसेप्टरमार्फत सायक्लिक एएमपी वाढवतं, छिद्रं उघडतात आणि जाळं विस्कटतं. फोडणीत हिंगासारखंच: चिमूटभर हवा, मूठभर नको. पक्क्या सवयी मेंदूच्या दुसऱ्या भागांच्या हवाली असल्याने तगतात.

थोडा ताण चांगला, हे सांगायला प्रेरणादायी वक्ते टेकडीसारखा एक आलेख काढतात आणि त्याला यर्क्स-डॉडसन नियम म्हणतात. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ च्या प्रयोगातल्या उंदरांनी इतकं सरळ उत्तर दिलंच नव्हतं. चुकीच्या पेटीत शिरलं की शॉक बसायचा. काळी-पांढरी पेटी ओळखणं सोपं असताना शॉक जितका जोरदार, तितकं शिकणं लवकर. फरक ओळखणं अवघड केलं, तेव्हाच मध्यम शॉक सरस ठरला.

येलच्या माकडांना आधीच क्लोनिडिन हे रक्तदाबाचं जुनं औषध दिल्यावर गोंगाटातली चूक कमी झाली. त्याच्याच जातीचं ग्वानफेसिन अल्फा-२ए वर अधिक नेमकं काम करतं. २००९ पासून अमेरिकेत ते लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल मुलांना दिलं जातं.