झेन

झेन : जपानी बौद्ध धर्मातील ध्यानप्रधान परंपरा. चिनी ‘चान’ व व्हिएतनामी ‘थिएन’ ही त्याच शब्दाची रूपे होत.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘ध्यान’पासून चिनी ‘चान-ना’ व त्यापासून ‘झेन’, असा क्रम सामान्यतः दिला जातो. परंतु चिनी रूपाचा आद्य वर्ण तालव्य असून तो ‘ध्य’पेक्षा पाली ‘झान’, प्राकृत ‘झाण’ यांना जवळचा आहे. म्हणून हा शब्द एखाद्या प्राकृत बोलीतून चीनमध्ये गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘ध्य’चा ‘झ’ होणे मराठीच्या ओळखीचे आहे : संध्या–संझा–सांज, वंध्या–वंझा–वांझ. चिनीत पुढे ‘ना’ गळाला. उरलेल्या चित्राक्षराचा (चिनी लिपीतील शब्दचिन्हाचा) बौद्धपूर्व अर्थ अगदी निराळा, म्हणजे सम्राटाने करावयाचा भूमिपूजेचा राजविधी, तसेच राज्यत्याग. ध्यानासाठी ते उच्चारसाम्यामुळे घेतले गेले. त्याच्या घडणीतून ध्यानाचा अर्थ लावू नये. जपानीत त्याची ‘झेन’ व ‘सेन’ अशी दोन वाचने असून पहिले, अधिक जुने, रूढ झाले. त्यातील ‘झ’ अल्पप्राण घर्षक (हवा घासून उच्चारला जाणारा) आहे. पालीतील महाप्राण ‘झ’शी त्याचे साम्य देवनागरी लेखनापुरतेच.

परंपरा : आद्य आचार्य बोधिधर्म (सु. पाचवे–सहावे शतक) दक्षिण भारतीय राजपुत्र होता, असे परंपरा मानते, सु. 547 मधील एका चिनी वृत्तांतात मात्र तो पारसीक (इराणी) म्हटला आहे. जपानमध्ये एइसाई (1141–1215) याने रिंझाई आणि दोगेन (1200–53) याने सोतो हा पंथ रुजवला.

इतर अर्थ : उच्चार तोच, पण चित्राक्षरे वेगळी, असे शुभ, संपूर्ण, पूर्वीचा या अर्थांचे ‘झेन’ जपानीत आहेत. एका माणसाचे जेवण वाढण्याच्या बुटक्या चौरंगालाही ‘झेन’ म्हणतात. त्यावरूनच जेवणाच्या काड्यांची जोडी मोजताना ‘इचि-झेन’ (एक जोडी) असे म्हटले जाते.

संक्षेप : भारतात हे नाव घरोघरी पोचले ते 1993 मध्ये आलेल्या ‘मारुती झेन’ या 993 घ.सेंमी. इंजिनाच्या मोटारीमुळे. ‘झिरो इंजिन नॉइज’ (इंजिनाचा आवाज शून्य) अशी त्याची आद्याक्षरी फोड सांगितली जाते. ही फोड त्या मोटारीपुरतीच खरी; पंथाच्या नावाशी तिचा व्युत्पत्तीचा संबंध नाही. युरोपात हीच मोटार सुझुकी ‘आल्टो’ या नावाने विकली जाई.