बाल्टिकचा करार पाण्यावर झाला, काम जमिनीवर निघालं

बाल्टिक समुद्राला आज नऊ देशांचा किनारा आहे: स्वीडन, फिनलंड, रशिया, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया, पोलंड, जर्मनी आणि डेन्मार्क. सामायिक समुद्राभोवतीच्या शाश्वत विकासाची चर्चा निघाली की पहिलं उदाहरण बहुतेक वेळा याच समुद्राचं दिलं जातं. आधी मैत्री झाली आणि मग सहकार्य आलं, असा समज मात्र इथे लागू पडत नाही. सहकार्याचा पाया घातला गेला तेव्हा यांतले बहुतेक देश दोन लष्करी गटांत वाटलेले होते; स्वीडन आणि फिनलंड तेवढे तटस्थ. पुढे मैत्रीचा काळ आला, तेव्हा खरं काम समुद्रात नसून शहरांच्या गटारांत आणि शेतांच्या बांधांवर आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

आधी हा समुद्र समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं राजकारण त्याच्या रचनेतून आलेलं आहे. बाल्टिकची सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. उत्तर समुद्राकडे जाणारी वाट डेन्मार्कजवळच्या अरुंद आणि उथळ सामुद्रधुन्यांमधून जाते. त्यामुळे इथलं पाणी एकदा पूर्ण बदलायला २५ ते ३० वर्षं लागतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नेवा, विस्तुला, ओदर, दौगावा अशा नद्यांचं गोडं पाणी वर पसरतं आणि सामुद्रधुन्यांतून आलेलं जड, खारं पाणी तळाशी बसतं. हे दोन थर सहजी मिसळत नाहीत, म्हणून वरचा ऑक्सिजन तळापर्यंत पोचत नाही. अनेक दिवस जोरदार पश्चिमी वारे वाहिले, तर कधीतरी खाऱ्या, ऑक्सिजनयुक्त पाण्याचा मोठा लोंढा आत शिरतो. २०१४ च्या डिसेंबरात असा लोंढा आला होता. पण असे प्रसंग विरळा, आणि त्यांचा परिणामही काही काळातच ओसरतो.

अशा कोंडलेल्या पाण्यात जे पडतं ते राहतं. १९६६ साली स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सन प्राण्यांच्या शरीरात डीडीटी या कीटकनाशकाचे अंश शोधत होते. त्यांच्या मोजणीत काही अनोळखी रसायनं पुन्हा पुन्हा दिसू लागली. ती डीडीटीचीच रूपं असावीत का, हे ताडून पाहायला त्यांनी संग्रहालयात जपून ठेवलेली समुद्री गरुडाची जुनी पिसं तपासली. १९४४ च्या पिसांतही तीच रसायनं सापडली, म्हणजे डीडीटीचा वापर सर्रास सुरू होण्याच्या आधीची. ही रसायनं म्हणजे पीसीबी. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि रंगांमध्ये ती वापरली जात. त्याच काळात समुद्री गरुडांची अंडी उबेनाशी झाली आणि सील माद्या वांझ होऊ लागल्या. एकेकाळी लाखाच्या घरात असलेले करडे सील १९७० च्या दशकात काही हजारांवर आले. शिकारीने त्यांची संख्या आधीच घटवली होती, उरलेलं काम विषाने केलं.

आता राजकारणाकडे येऊ. १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची परिषद भरली. पूर्व जर्मनीला बरोबरीचं स्थान नाही म्हणून सोव्हिएत संघ आणि त्याच्या बहुतेक मित्रदेशांनी तिच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे बाल्टिकच्या काठावरच परिषद होती आणि अर्ध्या किनाऱ्याचे धनी तिथे नव्हते. हा पेच सुटला तो पर्यावरणाच्या बाहेर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही जर्मनींनी आपसांतले संबंध ठरवणारा करार केला, आणि १९७३ मध्ये दोघांनाही संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. दोघांना एका मेजावर बसवण्यातली मुख्य अडचण संपली. १९७३ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कला मासेमारीचा करार झाला. २२ मार्च १९७४ रोजी हेलसिंकीत बाल्टिकच्या सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचा करार झाला. डेन्मार्क, फिनलंड, पूर्व जर्मनी, पश्चिम जर्मनी, पोलंड, स्वीडन आणि सोव्हिएत संघ या सातांनी त्यावर सह्या केल्या. १९७५ मध्ये याच शहरात झालेल्या, युरोपच्या सुरक्षेविषयीच्या प्रसिद्ध कराराशी याची गल्लत करू नये. त्या सुरक्षा परिषदेचं यजमानपदही फिनलंडकडेच होतं. दोन्ही गटांना बोलता येईल अशी जागा आपण आहोत, हे तटस्थ फिनलंडला दाखवून द्यायचं होतं. समुद्राचं प्रदूषण हा त्यासाठी सोयीचा विषय होता, कारण त्यात कोणाला सीमा बदलायच्या नव्हत्या.

या कराराचं मोठेपण निर्विवाद आहे. एका संपूर्ण समुद्रासाठी प्रदूषणाचे सगळे स्रोत एकाच मसुद्यात घेणारा तो पहिला करार. जहाजांतून सांडणारं तेल, समुद्रात टाकला जाणारा कचरा, किनाऱ्यावरून येणारी घाण, हवेतून पडणारी रसायनं हे सारं त्यात आलं. डीडीटी आणि पीसीबी यांना थेट नाव घेऊन मज्जाव झाला. देखरेखीसाठी आयोग नेमला गेला, ज्याला सगळे हेल्कॉम म्हणतात. पण १९८० मध्ये लागू झालेल्या या करारात एक मोठं भगदाड होतं. देशांची ‘अंतर्गत जलक्षेत्रं’, म्हणजे किनारारेषेच्या आतलं पाणी आणि नद्यांची मुखं, कराराच्या कक्षेत नव्हती. सार्वभौमत्वाला धक्का नको ही त्यामागची भूमिका, आणि सोव्हिएत संघ तिच्यावर ठाम होता. समुद्रात सगळ्यांनी मिळून पाणी तपासायचं, पण ती घाण कोणत्या नळातून आली हे विचारायचं नाही, अशी ही व्यवस्था होती. हेल्कॉमच्या शिफारशी एकमतानेच होत आणि त्या बंधनकारक नसत.

तरी या पहिल्या टप्प्याला मी कमी लेखणार नाही. या वर्षांत दोन्ही गटांतले शास्त्रज्ञ एकाच पद्धतीने नमुने घ्यायला आणि मोजायला शिकले. कोणाचा आकडा खरा, हा वाद हळूहळू मागे पडला. पुढे पैशांच्या वाटाघाटी झाल्या, त्या या सामायिक आकड्यांवरच उभ्या राहिल्या.

त्या आकड्यांनी एक अप्रिय गोष्टही समोर आणली. विषापेक्षा मोठा प्रश्न खताचा होता. मैला, शेतातून वाहून येणारं खत आणि धूर यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस समुद्रात येत होते. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं आणि तिथला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतं. तळाच्या गाळात लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस ऑक्सिजन संपला की सुटून पुन्हा पाण्यात येतो. म्हणजे जुनं पाप नव्याने वर येतं. निळं-हिरवं शेवाळ तर हवेतला नायट्रोजन स्वतःच पकडतं. त्याला फक्त फॉस्फरस हवा असतो, म्हणून उन्हाळ्यात ते मैलोन्‌मैल पसरतं. १९८८ मध्ये मंत्र्यांनी १९९५ पर्यंत ही पोषकद्रव्यं निम्म्यावर आणण्याचं जाहीर केलं. एकूणात ते लक्ष्य गाठता आलं नाही. नळाच्या तोंडाशी हात लावायचाच नव्हता, तर ते गाठणार तरी कसं?

मग सोव्हिएत गट कोसळला आणि दोन-तीन वर्षांतच नकाशा बदलला. १९९० मध्ये स्वीडनमधल्या रोन्नेबीला पंतप्रधान पातळीची बैठक झाली आणि १९९२ मध्ये नवा हेलसिंकी करार झाला. त्याने अंतर्गत जलक्षेत्रं आत घेतली आणि सगळ्या पाणलोट क्षेत्राची जबाबदारी मान्य केली. हे पाणलोट समुद्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे चौपट आहे. ते १४ देशांत पसरलेलं आहे आणि तिथे साडेआठ कोटींच्या आसपास लोक राहतात. म्हणजे बेलारूस किंवा चेकियासारख्या, किनारा नसलेल्या देशांतलं गटारसुद्धा बाल्टिकचा विषय ठरलं. त्याच वर्षी संयुक्त कृती कार्यक्रमात प्रदूषणाची १३२ ठिकाणं नावानिशी मांडली गेली. त्यांतली बरीचशी जुन्या पूर्व गटात होती. पण यादीत पश्चिमेकडचे कागद कारखानेही होते, हे विसरता कामा नये.

याच वर्षांत पर्यावरणाच्या पलीकडचं जाळंही विणलं गेलं. ग्दान्स्कमध्ये १९९१ साली बाल्टिक शहरांचा संघ स्थापन झाला. १९९२ च्या मार्चमध्ये जर्मनीचे हान्स-डीट्रिश गेन्शर आणि डेन्मार्कचे उफे एलेमन-येन्सन या परराष्ट्रमंत्र्यांच्या पुढाकाराने बाल्टिक समुद्र राष्ट्रांची परिषद उभी राहिली. १९९६ मध्ये व्हिस्बीला पंतप्रधानांनी ठरवल्यावर १९९८ मध्ये ‘बाल्टिक २१’ हा शाश्वत विकासाचा आराखडा मंजूर झाला. शेती, ऊर्जा, मासेमारी, जंगल, उद्योग, पर्यटन आणि वाहतूक हे सगळं त्यात एकत्र पाहिलं होतं. कागद म्हणून तो काळाच्या पुढे होता. पण त्याच्या मागे सक्ती नव्हती आणि पैसाही फारसा नव्हता, त्यामुळे त्याचा जोर पुढे ओसरला. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

खरा बदल बघायचा तर सेंट पीटर्सबर्गकडे वळावं लागतं. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीचं हे शहर १९७८ पर्यंत आपला मैला शुद्ध न करताच सोडत होतं. नैर्ऋत्येकडच्या मोठ्या शुद्धीकरण प्रकल्पाचं काम १९८० च्या दशकात सुरू झालं आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर अर्धवट पडलं. पुढे नॉर्डिक इन्व्हेस्टमेंट बँक, युरोपीय पुनर्रचना व विकास बँक, फिनलंड, स्वीडन, युरोपीय संघ आणि रशियन बाजू यांनी मिळून पैसा उभा केला, आणि २००५ च्या सप्टेंबरात प्रकल्प सुरू झाला. फिनलंडच्या करदात्याने रशियातल्या मैल्यावर पैसे का घालावेत, याचं उत्तर सरळ होतं. हेलसिंकीत मैल्यातला बहुतेक फॉस्फरस आधीच काढला जात होता. तिथे आणखी थोडा काढायला जो खर्च येतो, त्यात पीटर्सबर्गला कितीतरी पट फॉस्फरस थांबतो. आणि पाणी तर एकाच फिनलंडच्या आखाताचं.

पुढच्या टप्प्यात जॉन नुर्मिनेन प्रतिष्ठान या फिनिश संस्थेने शहराच्या जलसंस्थेबरोबर काम केलं. टाकीतल्या मैलापाण्यात लोहाचे क्षार घालायचे. विरघळलेला फॉस्फरस त्यांना चिकटतो, कण जड होतात, खाली बसतात आणि गाळाबरोबर बाहेर निघतात. समुद्राच्या तळाशी लोह जे करतं, तेच इथे आधीच करून घ्यायचं. यंत्रणा साधी, खर्च आटोक्यातला. २०११ पर्यंत शहराच्या तिन्ही मोठ्या प्रकल्पांत ही पद्धत आली. आखाताच्या पाण्यात फरक पडला तो याच साध्या कामामुळे, घोषणापत्रांमुळे नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वॉर्सातही तेच दिसतं. विस्तुलेच्या डाव्या काठावरचा बराचसा मैला नदीखालून नेऊन चायका शुद्धीकरण प्रकल्पात घालायला २०१२ साल उजाडलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीखालच्या वाहिन्या फुटल्या आणि मैला पुन्हा विस्तुलेत गेला. लष्कराने तरंगता पूल बांधून त्यावरून तात्पुरते पाइप टाकले, तेव्हा कुठे तो थांबला.

२००७ मध्ये क्राकोव्हला हेल्कॉमने कृती आराखडा मंजूर केला. समुद्र किती फॉस्फरस सोसू शकतो हे आधी ठरवलं, वर्षाला सुमारे २१ हजार टन, आणि मग प्रत्येक देशाच्या वाट्याला कपात दिली. सर्वांत मोठा वाटा पोलंडकडे आला. २०२१ पर्यंत समुद्र चांगल्या अवस्थेत आणायचा होता. ते झालं नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ल्युबेकला नवा आराखडा आला. त्यात १९९ कृती आहेत आणि मुदत २०३० ची. युरोपीय संघाने २००९ मध्ये बाल्टिकसाठी पहिली बृहद्-प्रादेशिक, म्हणजे अनेक देशांच्या एका प्रदेशासाठीची, रणनीती आखली होती. पण संघाच्याच शेती अनुदानांनी एकरी जास्त उत्पन्नाला चालना दिली, आणि दोन धोरणं एकमेकांविरुद्ध ओढत राहिली.

शेती हा आता सर्वांत कठीण भाग आहे. कारखान्याला आणि शहराला एक नळ असतो, तो पकडता येतो. शेताला नळ नसतो. पावसाबरोबर लाखो शेतांतून थोडं थोडं खत ओढ्यांत उतरतं. जमिनीत गेल्या अनेक दशकांत साठलेला फॉस्फरस खत कमी केल्यावरही वर्षानुवर्षं निघत राहतो. १९८० च्या दशकाच्या तुलनेत समुद्रात जाणारं एकूण ओझं बरंच घटलं आहे. समुद्री गरुड परतले आहेत, करड्या सीलांची संख्या पुन्हा हजारोंनी वाढली आहे. पूर्व बाल्टिकमधला कॉड मासा मात्र सावरलेला नाही. २०१९ च्या जुलैमध्ये त्याच्या मासेमारीवर तातडीची बंदी घालावी लागली.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. मार्चमध्ये बाल्टिक समुद्र राष्ट्रांच्या परिषदेने रशियाचा सहभाग स्थगित केला, आणि मे महिन्यात रशियाने परिषद सोडली. हेल्कॉमचा मात्र रशिया आजही करारबद्ध सदस्य आहे, आणि तिथे निर्णय एकमताने होतात. त्यामुळे औपचारिक बैठका थांबल्या. उरलेले आठ देश आणि युरोपीय संघ अनौपचारिकपणे भेटून काम पुढे नेत आहेत. रशियाबरोबरचे संयुक्त प्रकल्प बंद आहेत. १९७४ मध्ये नद्यांचं पाणी कराराबाहेर होतं, तरी आकडे मेजावर येत होते. आता रशियातून येणाऱ्या नेवेचं पाणी कराराच्या आत आहे, पण त्यात काय वाहतंय हे शेजाऱ्यांनी स्वतः जाऊन पाहण्याची सोय उरलेली नाही.