बोगनवेलीला पाण्याचा ताण का लागतो?

उष्ण हवेच्या बागेत बोगनवेल लावायची म्हटली की जाणकार सांगतात, पाणी तोडा, मुळांना धक्का लावू नका आणि बी पेरण्याच्या नादी न लागता कलम लावा. इतर फुलझाडांच्या हिशेबात हे सल्ले उलटे वाटतात. ही वेल मुळात कुठली आणि बागेत आली कशी, हे कळलं की ते पटतात.

१७६७ साली लुई आंत्वान द बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रदक्षिणेतली जहाजं ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोला थांबली होती. मोहिमेचा वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्सन याने तिथे ही काटेरी वेल गोळा केली आणि मोहिमेच्या प्रमुखाचं नाव तिला दिलं. त्याच्यासोबत पुरुषवेशात वावरणारा मदतनीस म्हणजे प्रत्यक्षात जान बारे ही स्त्री होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना बंदी होती, म्हणून हा वेश. कॉमर्सनच्या पायाची जखम चिघळलेली होती. त्यामुळे रानात हिंडून नमुने आणण्याचं बरंचसं काम बारेच करत असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. तिचं गुपित १७६८ मध्ये ताहितीला उघड झालं. पुढे दोघं मॉरिशसला उतरली, १७७३ मध्ये कॉमर्सन तिथेच वारला आणि त्यानंतर बारे फ्रान्सला परतली. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केलेली पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिची नोंद आहे. बोगनवेलीच्या गोष्टीत बूगँव्हीलइतकंच तिचंही नाव घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं. वनस्पतीचं नाव छापून प्रसिद्ध व्हायला मात्र १७८९ उजाडलं. ते काम आंत्वान लोराँ द जुस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलं.

बागेतल्या बहुतेक वाणांच्या मुळाशी तीन जंगली जाती आहेत. स्पेक्टॅबिलिस ही दांडगी, लवदार पानांची जात आणि तुळतुळीत पानांची ग्लाब्रा या दोन्ही ब्राझीलच्या बाजूच्या, तर पेरुव्हियाना ही पेरू, इक्वाडोर आणि कोलंबियाच्या कोरड्या भागातली. तिघींच्याही मूळ प्रदेशात कोरडा हंगाम असतो. पाणी कमी झालं की वाढ थांबवायची आणि बहार धरायचा, ही सवय या वेलीला तिथली. फळबागेत बहार धरण्यासाठी देतात तसा ताण, म्हणजे काही काळ पाणी तोडणं, बोगनवेलीलाही मानवतो, तो यामुळेच. सतत ओली माती आणि भरपूर नत्र मिळालं तर ती नुसती पानं आणि लांबलचक काटेरी फांद्या काढत राहते. लहान दिवसही बहाराला मदत करतात. दिव्याच्या उजेडात रात्रभर उभी असलेली वेल कधीकधी फुलायला कुचराई करते, ते त्यामुळे.

आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं, म्हणजे छदं. खरं फूल आतली बारीकशी पांढुरकी नळी. छदांचा रंग बीटाच्या कंदात असतो त्याच गटातल्या रंगद्रव्यांचा, बीटालेनांचा. त्यातला जांभळा-लाल आणि पिवळा अंश कमीजास्त झाला की किरमिजीपासून नारिंगीपर्यंत छटा मिळतात.

एकोणिसाव्या शतकात या जाती युरोपातली काचघरं आणि वसाहतींमधली वनस्पती उद्यानं यांच्यामार्फत उष्ण कटिबंधभर पसरल्या. तोवर बागेतल्या बोगनवेली मुख्यतः जांभळ्या आणि विटकरी-लाल असत. चित्र पालटलं ते विसाव्या शतकात. १९१० च्या सुमारास मिसेस बट नावाच्या बाईंनी कोलंबियातल्या कार्ताहेना इथून एक किरमिजी बोगनवेल त्रिनिदादला नेली. पुढे ती ग्लाब्रा आणि पेरुव्हियाना यांचा आपोआप झालेला संकर असल्याचं लक्षात आलं. आज या संकरगटाला बटियाना म्हणतात आणि बागांमधल्या किती तरी लाल-नारिंगी बोगनवेली त्यातल्याच.

या संकरांची अडचण अशी की त्यातले बरेचसे वांझ. बी धरतच नाही, म्हणून छाटकलम किंवा गुटीवरच सगळी भिस्त. वांझ झाडांपासून नवे रंग आले कुठून? अचानक बदललेल्या फांद्यांमधून. एखादी फांदी वेगळ्या रंगाची किंवा पांढऱ्या-पिवळ्या कडांच्या पानांची निघते, माळी ती कापून वेगळी लावतो आणि नवा वाण जन्माला येतो. मेरी पामर या वाणात तर एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी छदं दिसतात. एका सावध नजरेवर इतकं अवलंबून असलेलं दुसरं फुलझाड मला तरी चटकन आठवत नाही.

भारतात या कामाला शास्त्राची जोड मिळाली. गव्हाच्या वाणांसाठी नावाजलेले बी. पी. पाल यांनी गुलाबाइतकंच बोगनवेलीवरही प्रेम केलं. लखनौच्या आजच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत टी. एन. खोशू आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोल्चिसिन हे रसायन वापरून वांझ वाणांची गुणसूत्रं दुप्पट केली. त्यामुळे काही वाणांची जननक्षमता परत आली आणि त्यांच्यापासून पुन्हा संकर करता येऊ लागले. जगभरच्या वाणांच्या नावांची नोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. ती गरजेचीच होती, कारण कलमं हातोहात फिरतात आणि एकच वाण चार देशांत चार नावांनी विकला जातो.

मुळांचं म्हणाल तर ती बारीक आणि नाजूक असतात, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटली की सहज तुटतात. पिशवी ओढून न काढता कापून काढावी आणि हुंडी आहे तशी खड्ड्यात ठेवावी. कुंडीत मुळं दाटलेली असली तरी बिघडत नाही, उलट बहार चांगला येतो, मात्र पाण्याचा निचरा नीट हवा. छदं नव्या फांद्यांवर येतात, म्हणून एक बहार सरला की छाटणी करावी. रंगीत पानांच्या वाणावर निव्वळ हिरवी फांदी फुटली तर ती दिसताक्षणी बुडापासून काढावी. हिरवी फांदी जोमदार असते आणि काही हंगामांत सगळं झाड व्यापून टाकते.