१४ फेब्रुवारी आणि भगतसिंगांची फाशी

दर फेब्रुवारीत तोच संदेश फिरतो: "१४ फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले आणि आपण गुलाब वाटतोय." काही जण मजकूर बदलून "याच दिवशी शिक्षा सुनावली" असं लिहितात. दोन्ही चूक.

लाहोर कटाच्या खटल्यात विशेष न्यायाधिकरणाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी. फाशी झाली २३ मार्च १९३१ला, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात. ठरलेला दिवस खरं तर २४ मार्च होता. लोकक्षोभाच्या भीतीने सरकारने आदल्या संध्याकाळीच उरकून घेतलं. फाशी पहाटे देण्याची रीतसुद्धा पाळली नाही. रातोरात मृतदेह गुपचूप बाहेर काढून सतलजकाठी, हुसैनीवालाजवळ जाळले. तारखेच्या गोंधळात हा सगळा तपशील हरवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

१४ फेब्रुवारी १९३१ला पंडित मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉय आयर्विनकडे दयेची विनंती केली होती, एवढाच त्या दिवसाचा संबंध.

शिवराम हरी राजगुरू तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे. भीमेकाठी त्यांचा वाडा आहे, गावाचं नावच आता राजगुरुनगर आहे. निदान आपल्याकडून तरी त्यांची तारीख चुकू नये. समाजवादी नेते राममनोहर लोहियांचा जन्मही २३ मार्चचाच, १९१० सालचा. हुतात्म्यांच्या आठवणीमुळे ते स्वतःचा वाढदिवस साजरा करत नसत.

यंदा तो संदेश आला, तर पाठवणाऱ्याला २३ मार्च ही तारीख कळवा.